डक्टमधला यम

मटणाच्या रश्श्यात भाकरी बुडवता बुडवता सहदेवने जाहीर केलं, की येत्या दिवाळीपर्यंत आपल्या आवाजाने निम्मा महाराष्ट्र पाप करायचं सोडेल!

"आणि उरलेला निम्मा?" त्याच्या बायकोने, मालूने विचारलं.

"त्यांना थिएटरपर्यंत यायला गाडी मिळणार नाही."

हा विनोद नव्हता. सहदेवने एकतीस वर्षं कल्याणच्या एसटी स्टँडवर, काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून काढली होती. कुणाला गाडी मिळते आणि कुणाला मिळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! 'कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी.' आडाच्या तळातून यावा तसा आवाज. त्यात राग नाही, माया नाही. गाडी लागली तरी तोच आवाज आणि घाटात दरड कोसळून गाडी रद्द झाली तरी तोच!

घरी मात्र हा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. समोर जिवंत माणूस आलं, की सहदेवचा आवाज निम्म्यावर यायचा. समोरचं माणूस मालू असेल तर तो नाकातून, ओल्या पिपाणीसारखा निघायचा. मध्ये काच हवी, भिंत हवी, निदान बंद दार तरी हवं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. टिटवाळ्याच्या सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याने घर घेतलं, पण तिथे माइक नव्हता. त्यामुळे गेली तीन वर्षं हा माणूस जवळजवळ मुकाच होता म्हणा ना!

अशात मालूच्या बहिणीचा मुलगा, ऋतुराज, देवासारखा धावून आला. खरं तर यमासारखा.

तुम्ही बघताच आहात, सध्या लोकांना देवाधर्माच्या भयपटांचं वेड लागलंय. नुसत्या भुताला आता कुणी भीत नाही, नरक पाहिजे! पडद्यावर पापी तेलात तळला जात असतो आणि खाली खुर्चीत बसलेला माणूस समोशाचा तुकडा चटणीत बुडवत असतो. मध्यंतरापर्यंत घामाघूम होतो, शेवटी दोन्ही हात जोडतो, आणि बाहेर पार्किंगमध्ये दुसऱ्याची स्कूटर आडवी पाडून आपली गाडी काढतो. अडीच तासांचं भय, पार्किंगपर्यंत पुरतं.

ऋतुराज नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डबिंगचा स्टुडिओ चालवायचा. दक्षिणेकडचा 'नरकाचा सातवा दरवाजा' नावाचा सिनेमा त्याला मराठीत करायचा होता आणि यमाला आवाज देणारा नट ऐन वेळी घसा धरून बसला होता.

"काका, मला ओरडणारा यम नकोच आहे," ऋतुराज म्हणाला. "ओरडणारे यम खूप झाले. मला असा पाहिजे, की त्याला कुणाचं काही पडलेलंच नाही."

"म्हणजे कसा रे?"

"म्हणजे तुम्ही! लहानपणी आईबरोबर स्टँडवर चार तास बसलेलो. पोरं रडतायत, म्हाताऱ्या कण्हतायत, आणि आतून तुमचा आवाज, 'गाडी रद्द करण्यात आलेली आहे.' काका, आई शप्पथ, त्याच्याइतकं डेंजर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही!"

सहदेवला हा आयुष्यातला सर्वोच्च सन्मान वाटला. त्याच दिवशी त्याने अकरा पानांची संहिता छातीशी धरून घरी आणली. पान म्हणजे एक पापी. प्रत्येकाला यम त्याचं पाप ऐकवतो आणि शिक्षा सांगतो. रेकॉर्डिंग पुढच्या सोमवारी. "जिथे आवाज घुमतो तिथे प्रॅक्टिस करा," ऋतुराजने बजावलं होतं, "आणि शब्द ओठांना पुरले पाहिजेत. वाक्य संपलं आणि पडद्यावर तोंड हलतच राहिलं, तर काहीतरी भरा."

काय भरायचं याची सहदेवला चिंता नव्हती. 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' हे तर त्याच्या जिभेवर कोरलेलंच होतं!

आता घरात घुमणारी जागा एकच, न्हाणीघर. मंगळवारी सकाळी सव्वासहाला सहदेव आत गेला, कडी लावली, संहिता बादलीवर ठेवली आणि एकतीस वर्षांचा आवाज मोकळा सोडला.

"हे पाप्या! दुसऱ्याची वस्तू नेलीस आणि परत केली नाहीस! तुझे हात कोपरापासून करवतले जातील! प्रवाशांनी नोंद घ्यावी!"

वा! काय घुमला! सहदेवच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. मग त्याने सासूला छळणारी सून घेतली, दुधात पाणी घालणारा घेतला, आणि शेवटी अकराव्या पानावर आला: "तहानलेला दारात आला आणि घरात पाणी असून तू नाही म्हणालास! तुझी जीभ आजपासून वाळत जाईल! तुझी वेळ झालेली आहे!"

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. या इमारतीत सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एका उभ्या पोकळीत उघडतात. बिल्डर तिला डक्ट म्हणतो. तिच्यातून पाण्याचे पाइप खाली येतात आणि आवाज वरखाली दोन्हीकडे जातो. सकाळी सव्वासहाला या डक्टच्या काठाने सात मजल्यांवर सात माणसं बसलेली असतात. एकेकटी, उघडी, कडी लावलेली आणि बेसावध. कबुलीला याहून चांगली अवस्था माणसाला मिळत नाही!

बुधवारी सकाळी दार वाजलं. चौथ्या मजल्यावरचे सुधीर लिमये उभे. हातात सहदेवचं ड्रिल मशीन, जे त्यांनी दोन वर्षांपूर्वी 'अर्ध्या तासासाठी' नेलं होतं.

"सहदेवराव, हे आपलं. जरा विलंब झाला, क्षमस्व." सुधीररावांनी ड्रिल पुसून आणलं होतं. त्यांची दोन्ही कोपरं शर्टाच्या लांब बाह्यांत झाकलेली होती, आणि दिवस तर ऑक्टोबरचे!

"अहो, राहू द्यायचं होतं," सहदेव म्हणाला.

"नको, नको!" सुधीरराव दोन पायऱ्या मागे सरले. "दोनच भोकं पाडली हो मी. शपथ घेऊन सांगतो!"

पाचव्या मजल्यावरच्या योगिनीने लग्नानंतर प्रथमच सासूला आधी चहा दिला. सासूने तो तीनदा हुंगला, यात काहीतरी घातलंय असं ठरवून कुंडीत ओतला आणि दिवसभर कुंडीवर नजर ठेवली. तळमजल्यावरच्या काळुरामचं दूध इतकं घट्ट यायला लागलं, की बिल्डिंगमधल्या पोरांची पोटं बिघडली. एकाच आठवड्यात एवढं पुण्य जमा झाल्याची उदाहरणं कमी असतील. ते झेपतही नव्हतं कुणाला!

आणि सहदेव? त्याला वाटलं, आपल्या सिनेमाची बातमी फुटली! लोक जिन्यात त्याला वाट देऊ लागले, तो मानेने स्वीकार करू लागला.

"लोक किती मान देतायत बघितलंस?" त्याने मालूला विचारलं.

"ते राहू दे," मालू म्हणाली. "आई पाणी पीत नाहीयेत."

कमळाबाई, सहदेवची आई, वय वर्षं शहाऐंशी. गाव ओतूरकडचं. तिची खाट आतल्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून. कान मंद होते, पण भिंतीला लावलेला कान कितीही मंद असला तरी यमाचा आवाज पोचतोच. मंगळवारी तिने सकाळचा तांब्या तसाच ठेवला. बुधवारी गोळीपुरता एक घोट, तोही डोळे मिटून. गुरुवारी गोळीच नको म्हणाली. मालूने सरबत केलं, ताक केलं, वरणाचं पाणी केलं. म्हातारी ओठ मिटून भिंतीकडे बघत राहिली.

शुक्रवारी डॉक्टरांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसलीच नाही, तंबूसारखी उभी राहिली. "उद्या-परवापर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर ॲडमिट करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि या वयात आत गेलेलं माणूस..." पुढचं त्यांनी बॅग बंद करण्यात घालवलं.

त्या संध्याकाळी सहदेव आईच्या उशाशी बसला.

"आई, काय झालंय? सांग ना."

"मला बोलावणं आलंय, सहदेवा."

"कुणाचं?"

"कुनाचं म्हंजे? यमाचं! रोज सकाळच्याला भिताडातनं हाक मारतोय. नाव घेत न्हाई, पर मला ठावं हाय. सरूचं पानी काढतोय." तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. "बहात्तरचा दुष्काळ. धाकली जाऊ माजी, सरू. कळशी घिऊन दारात आली. म्हनली, आक्का, वाटीभर पानी दे. मी म्हनलं, न्हाई."

"आई, तेव्हा कुणाकडेच पाणी नव्हतं गं."

"रांजण निम्मा भरलेला व्हता," कमळाबाई म्हणाली. "तू तापानं फणफणलेला. पोराला राती लागंल म्हून ठिवलं. सरूनं माज्या मागं रांजण पायला. पायला आन् हासली, आन् गेली. येक शबुद बोलली न्हाई. फुडल्या साली बाळंतपणात वारली. माफी मागायची ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

तो ताप सहदेवला आठवत होता. रात्री आईने वाटीने पाजलेलं पाणी आठवत होतं, गार, मातीच्या वासाचं. बावन्न वर्षं तो ते पाणी आईच्या मायेच्या खात्यावर मांडत आला होता. ते कुणाच्या वाट्याचं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"आई," तो एकदम म्हणाला, "तो यम नाही. तो मी आहे!"

कमळाबाईने मान वळवून त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू?"

"मी. सिनेमासाठी. न्हाणीघरात प्रॅक्टिस करतोय."

"बाबा, आईला धीर द्यायला खोटं बोलू नको. यमाचा आवाज लै थोर. तू मालूकडं मीठ मागताना सुदीक चाचरतोस!"

सहदेव उठून उभा राहिला. छाती भरली. "हे पाप्या!" असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण समोर आई होती, दारात मालू होती. दोघी त्याच्याकडे बघत होत्या. तोंडातून जे निघालं ते ऐकून शेजारच्या खिडकीतलं मांजर तेवढं दचकलं.

"ऱ्हाऊ दे," कमळाबाई मायेने म्हणाली. "घसा धरंल तुजा."

सहदेवने ऋतुराजला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, सॉलिड! तेच फीलिंग सोमवारी आणा!" सहदेवने फोन ठेवला. आयुष्यात प्रथमच त्याला या आवाजाची लाज वाटली. चार लोकांना घाबरवायला निघालो होतो आणि भिंतीपलीकडे पहिलाच बळी कोण, तर जिने आपल्यासाठी पाप केलं ती! संहितेचं अकरावं पान फाडून टाकलं तरी भिंतीतून गेलेला आवाज परत कसा आणायचा?

शनिवारी न्हाणीघर गप्प होतं. तरी आईने पाण्याला हात लावला नाही. "सांगून झालं त्याचं," ती म्हणाली. "आता येईलच." दुपारपर्यंत तिला धड बोलवेनासं झालं. मालूने ॲडमिट करायची पिशवी भरून दाराशी ठेवली. संध्याकाळी तिने सहदेवला स्वयंपाकघरात ओढलं.

"उद्या सकाळी आत जा आणि दार लाव."

"अगं, पण..."

"ज्याने बोलावलंय त्यानेच परत पाठवायला पाहिजे. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, तुझं तर कुणीच ऐकत नाही. यमाचं ऐकतील!"

रविवारी सकाळी सव्वासहाला सहदेवने कडी लावली. हातात संहिता नव्हती. तो बादलीपाशी उभा राहिला, डोळे मिटले, समोर काच आहे असं मनात आणलं आणि एकतीस वर्षांच्या सवयीने आधी घसा साफ केला. डक्टच्या काठाने सहा मजल्यांवर नळ बंद झाले.

"कृपया इकडे लक्ष द्या! टिटवाळ्याहून वैतरणीमार्गे यमलोकाकडे जाणारी गाडी..." तो थांबला. शब्द आपोआप आले. "...अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आलेली आहे! कमळाबाई यांनी नोंद घ्यावी. प्रवाशांनी पाणी पिऊन घ्यावं!"

वरच्या कुठल्यातरी मजल्यावर साबण पडल्याचा आवाज आला.

मग भिंतीपलीकडून, सुकलेल्या घशातून, म्हातारीचा प्रश्न आला. एकतीस वर्षं प्रत्येक रद्द गाडीनंतर खिडकीशी येणारा तोच प्रश्न.

"फुडली कदी हाय?"

सहदेवचं उत्तरही तेच. "पुढच्या गाडीची वेळ अद्याप समजलेली नाही. समजताच कळवण्यात येईल."

सहदेवला वाटलं, जमलं. त्याने कडीला हात घातला.

"आवो, येक इचारू का?" भिंत म्हणाली. "मागच्या गाडीनं सरू आलेली. बाळंतीण व्हती. तिला वाटंत पानी मिळालं का?"

याचं उत्तर एकतीस वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. यमाचा हात कडीवरच राहिला.

"सरूबाई..." आवाज खोल लावला तरी लागेना. "सरूबाई सुखरूप पोचल्या. त्यांना... त्यांना पाणी मिळालं. गार होतं. रांजणातलं. त्यांनी सांगितलंय, पोरगा वाचला ना, मग..." इथे यमाचा आवाज फुटला. फुटला म्हणजे सरळ पिपाणी वाजली, नाकातून, ओली, सात मजल्यांना ऐकू जाईल अशी! पुढचे शब्द डक्टमध्ये नुसते हुंदक्यांसारखे वर गेले. "प्रवाशांनी... नोंद..."

भिंतीपलीकडे खाट करकरली.

"मालू," कमळाबाईचा आवाज आला, "यमाला भाईर बोलाव. कितीक वेळ ओल्यात हुबा ऱ्हाईल? त्याला सर्दी लौकर व्हती."

सहदेव डोळे पुसत बाहेर आला. आई खाटेवर उठून बसली होती. मालूने तांब्या पुढे केला. म्हातारीने पहिला घोट तोंडात धरला, बराच वेळ धरला, आणि मग गिळला. दुसरा तिने सहदेवकडे बघत घेतला. तांब्या रिकामा करून तिने तो उपडा दाखवला, लहानपणी सहदेवला औषध पाजून झालं की वाटी दाखवायची तसा.

सहदेवला रडता रडता हसू आलं. "सरू अशीच हासायची," ती एवढंच म्हणाली. मग भिंतीकडे पाठ करून झोपली.

सोमवारी नौपाड्यात रेकॉर्डिंग झालं. सहदेवने दहा पापी झकास उडवले. अकराव्या पानावर पडद्यावर एक बाई पाण्यासाठी हात पसरून बसलेली दिसली, आणि यम म्हणाला, "अहो, द्या की तिला घोटभर!" ऋतुराजने सात टेक घेतले. सातही वेळा यमाने पाणी मंजूर केलं. शेवटी निर्मात्याने कपाळाला हात लावला आणि दुसरा माणूस बोलावला. सहदेव सिनेमात आहे, नाही असं नाही. कढईच्या दृश्यात मागच्या बाजूला जो पापी 'मेलो, मेलो' असं नाकातून ओरडतो, तो आपला सहदेव!

संध्याकाळी तो घरी पोचतो तो दाराशी सुधीरराव उभे. बाह्या दुमडलेल्या, कोपरं उघडी, चेहरा कसा प्रफुल्लित!

"सहदेवराव, काल सकाळी आपण ऐकलंत का? गाडी रद्द झाली म्हणे!"

"हो, कानावर आलं."

"पुढची वेळही ठरलेली नाही!" सुधीररावांनी आवाज खाली आणला. "म्हटलं, तेवढ्यात पडद्यांचे रॉड लावून घ्यावेत. ते आपलं ड्रिल, जरा अर्ध्या तासासाठी..."

ड्रिल समोरच्याच कपाटावर होतं. सहदेवने अंगाने ते झाकलं आणि नाकातून म्हणाला, "नाही हो, ड्रिल तर..."

"सहदेवा!" आतल्या खोलीतून आवाज आला. मंद कानांची म्हातारी, पण नेमकं तेवढं ऐकू आलं. "घरात असलेली वस्तू न्हाई म्हनू नको! त्याला दिसतीया ती!"

सहदेवने मुकाट्याने ड्रिल काढून दिलं.

या गोष्टीला आता आठ महिने होऊन गेले. कमळाबाई दिवसाला दोन तांबे पाणी पितात, योगिनीची सासू पुन्हा थंड झालेला चहा पिते, काळुरामच्या दुधाला पोरांची पोटं सरावली आहेत. अर्धा तास अजून झालेला नाही. प्रवाशांनी नोंद घ्यावी.